अनुवाद : संपादक मंडळ

प्रोफेसर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते उरलेला तुकडा मागायला. टेक्सासमधल्या प्लेनोत हायवेलगत माझी शोरूम आहे. स्वयंपाकघरातले दगडी ओटे कापून बसवून देणं हा माझा धंदा. मोठ्या स्लॅबमधून ओटा कापला की कडेचे तुकडे उरतात, ते मी मागच्या बाजूला भिंतीशी उभे करून ठेवतो. बहुतेक गिऱ्हाइकांना ते दिसतही नाहीत. हा उंच, जरा वाकलेला इंग्रज म्हातारा मात्र सरळ मागे गेला, एका राखाडी तुकड्यावरची धूळ हाताने पुसली आणि लिहायच्या टेबलासाठी हवा आहे, काय घ्याल, असं विचारलं.

मी किंमत सांगितली. ती कानावर पडलीच नाही असा चेहरा करून त्यांनी कोपऱ्यातला टवका दाखवला. टवका कापला की जाईल, मी म्हणालो. मग तुकडा लहान होईल, लहान तुकड्याची किंमत सांगा, ते म्हणाले.

मला बरं वाटलं. इथले लोक किंमत ऐकतात आणि घेतात, नाहीतर निघून जातात. आपले लोक कमी करून मागतात, पण त्यात मजा नसते. शेजारच्या फ्रिस्को गावातला आयटीवाला फोनवर दुसऱ्या दुकानाचं कोटेशन काढतो आणि "काका, मॅच करा ना यार" म्हणतो. त्याला घासाघीस म्हणत नाहीत, भीक म्हणतात. प्रोफेसर गाडीपर्यंत गेले, दार उघडलं, आणि परत आले. अर्धी दुपार गेली. शेवटी मी कड गोल करून द्यायची आणि किंमत त्यांच्या आकड्याजवळ आणायची, यावर सौदा पटला. तुकडा गाडीत चढवला तेव्हा त्यांनी मागच्या सीटवरून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मी मागितलं नव्हतं. भाजीवाला वर कोथिंबीर घालतो तसं त्यांनी ते घातलं. मागे त्यांचाच फोटो होता.

तोवर मला ते कोण आहेत हे माहीत नव्हतं. ते निबंध लिहीत, कविता लिहीत आणि इथल्या विद्यापीठात शिकवून निवृत्त झाले होते. पुढे मी त्यांचं जे मिळेल ते वाचलं, त्यामुळे माझं मत सांगायला हरकत नाही. विद्यापीठासाठी लिहिलेलं पुस्तक जुन्या इंग्रजी प्रवचनांवर होतं. ते मी निम्म्यावर ठेवलं आणि त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बहुतेक जण त्याच्याही आधी ठेवतात. कवितांची पुस्तकं पातळ होती. सफरचंदाच्या झाडाच्या फांद्या छाटण्यावर एक कविता होती, ती मी गाडीत बसून डबा खाताना अनेकदा वाचली. कळली असं म्हणवत नाही, पण छाटणारा माणूस शिडीवरून उतरत नाही एवढं लक्षात राहिलं. निबंध मात्र पहिल्याच वाचनात माझे झाले. छत्री दुरुस्त करणं, शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद, दवाखान्यात नंबर येईपर्यंतचा वेळ असे विषय. आवाज कुठेही चढवलेला नाही. मला स्वतःला आवाज न चढवता दोन वाक्यं बोलता येत नाहीत, म्हणून असेल, पण मला त्याचं नवल वाटे.

त्यातला एक निबंध त्यांच्या वडलांच्या दुकानावर होता. इंग्लंडातल्या एका लहान बाजारगावात वडलांचं लोखंडी सामानाचं दुकान. मुलगा स्कॉलरशिपवर शिकायला गेला. सुट्टीत घरी आला, गर्दी होती म्हणून गल्ल्यामागे जाऊन उभा राहिला, आणि कुणीतरी स्क्रू मागितले म्हणून त्याने डबा उचलला. वडलांनी तो डबा त्याच्या हातातून काढून घेतला. रागाने नव्हे. गिऱ्हाइकाला म्हणाले, हा आमचा पाहुणा आहे. त्या दिवसानंतर मुलाला गल्ल्यामागे जागा राहिली नाही. वडील डबा फळीवर ठेवतात आणि निबंध तिथेच संपतो.

मी मिरजेत अशाच एका दुकानात गल्ल्यामागे उभा राहायचो. मराठी शाळा, कॉलेजचं एक वर्ष, मग ते दुकान, मग अमेरिका, पेट्रोल पंप, दगड कापण्याचा कारखाना आणि शेवटी स्वतःची शोरूम. इथल्या मराठी लोकांच्या मंडळात मी "ओटेवाले काका" आहे. दिवाळी अंकाचं मागचं पान दरवर्षी माझ्या जाहिरातीचं. अंकात लिहिणारे लोक वेगळे. त्यांची महिन्याला वाचनाची बैठक असते, तिची खबर मला मिळते ती चहाचा थर्मास हवा असतो तेव्हा. त्या मुलाला गल्ल्यामागे येऊ दिलं नाही, मला गल्ल्यापुढे. तो निबंध मराठीत आणायचा असं मी ठरवलं, आणि तो मंडळाच्या दिवाळी अंकात, माझ्या नावाने.

परवानगी घ्यायला प्रोफेसरांच्या घरी गेलो. राखाडी तुकडा खिडकीपाशी टेबल होऊन बसला होता.

"पैसे नकोत," ते म्हणाले, "पण काही गाळायचं नाही."

"एक परिच्छेद गाळावा लागेल."

"कोणता?"

"फळ्यांवरच्या मालाचा." त्या निबंधात पानभर नुसती नावं होती. बिजागऱ्या, खिळे, कड्या, कानशी, साखळ्या, कुठल्या फळीवर काय, कुठल्या डब्यात काय.

"तो तर निबंधाचा कणा आहे."

"कणा नाही, गोदाम आहे. आमचे वाचक कंटाळतील."

"माझेही कंटाळले होते. मी नाही गाळला."

मी त्यांना सांगितलेलं कारण खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. ती यादी माझ्या नावाखाली छापली तर फ्रिस्कोतले लोक काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं: दुकानदाराला बरोबर दुकानच सापडलं. हे मी त्यांना बोललो नाही. चहा आला, गार झाला, दुसरा आला. मी उठलो, बूट घातले. ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "ठीक आहे. परिच्छेद तुमचा. बदल्यात तुमचं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरात छापायचं. जरासुद्धा लहान नाही."

"ते कशाला?"

"अनुवादकाचं नाव बारीक छापलं की चुका माझ्या वाटतात. मोठं असलं की तुमच्या."

माणूस पक्का होता. मी हात मिळवला.

दुपारी शोरूममध्ये गर्दी नसते. मी मागच्या खोलीत बसून लिहायचो. बायको हिशेबाचं काम बघते, ती दारातून डोकावून म्हणायची, "एवढा वेळ गिऱ्हाइकांना फोन केले असतेत तर." लिहून झालं तेव्हा उन्हाळा संपला होता. मला मराठी टाइप करता येत नाही. माझ्या जाहिराती मिरजेतला एक डीटीपीवाला करतो आणि तोच मंडळाला मेल करतो. मी पानांचे फोटो काढून त्याला पाठवले आणि खाली माझं नाव मोठं टाक, असं फोनवर सांगितलं. त्याने सुबक टाइप केले आणि नेहमीच्या सवयीने खाली दुकानाचं नाव, लोगो आणि फोन नंबर टाकून मंडळाला मेल केले. मला हे नंतर कळलं.

मंडळाची दिवाळी फ्रिस्कोतल्या एका शाळेत होते. सभागृहात कार्यक्रम, कॅफेटेरियात फराळ. अंकांचे गठ्ठे दाराशी टेबलावर होते. मी करंजी तोंडात घालून अंक उघडला. निबंध छान जागी होता, चित्रही काढून घेतलं होतं. वर प्रोफेसरांचं नाव. शेवटी, बारीक अक्षरात: अनुवाद, संपादक मंडळ.

माझं नाव शेवटून दुसऱ्या पानावर होतं, सोनेरी शाईत, उदार देणगीदारांमध्ये.

संपादिका पुण्याची, माझ्यापेक्षा बरीच लहान, एका मोठ्या कंपनीत आयटीत. ती चकल्यांच्या टेबलापाशी होती.

"हे काय छापलंय?" मी विचारलं.

"काका! आवडला ना? सगळ्यांना तोच लेख आवडलाय. पाठवलात म्हणून खरंच थँक्स हं."

"पाठवला नाही. केला."

"केला म्हणजे?"

"म्हणजे मी लिहिलाय. अनुवाद माझा आहे."

तिने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष नागपूरचे, हातात चिवड्याची प्लेट. "तुमच्या जाहिरातवाल्याच्या मेलवरून आला ना," ती हळू म्हणाली. "खाली दुकानाचा लोगो होता. आम्हाला वाटलं, तुम्ही इंडियात कुणाकडून तरी करवून घेतलात. स्पॉन्सर केलात. नाव नव्हतं, आणि आम्ही प्रूफं तपासली होती, म्हणून…"

"म्हणून तुमचं नाव."

"काका, क्रेडिट दिलंय ना यार," अध्यक्ष म्हणाले. "लास्ट पेजवर. गोल्डमध्ये!"

"ते ओट्यांचं आहे!"

पुढे मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. स्टेजवर कुणाची तरी मुलगी गात होती, ती थांबली एवढं सांगतो. लोकांची मुलं इंग्रजीत विचारत होती की काय झालं, आणि त्यांचे आईबाप त्यांना बाहेर नेत होते. गाडीत बायको म्हणाली, "ओरडायचं तर आधी करंजी गिळायची तरी."

दुसऱ्या दिवसापासून मंडळाकडून प्रस्ताव यायला लागले. पहिला: पुढच्या अंकात चौकट घालून खुलासा. वर्षभराने? मी फोन ठेवला. दुसरा: गुढीपाडव्याला शाल-श्रीफळ देऊन सत्कार. सत्कार म्हणजे पुन्हा देणगीदारच, नारळ कुणाला देतात ते मला माहीत आहे. तिसरा: पुढच्या वर्षी जाहिरात फुकट. हा अध्यक्षांचा होता आणि सगळ्यांत वाईट होता. मला हवी होती एक चिठ्ठी, प्रत्येक अंकात त्या पानावर चिकटवलेली. अंक लोकांच्या घरी गेलेत, आता कुठे शोधत फिरणार, असं ते म्हणाले. मी म्हणालो, मला पत्ते द्या, निम्म्या घरांत ओटे माझेच आहेत, मी जातो. त्यांना तो विनोद वाटला.

हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता, आणि तो सगळ्यांनाच दिसत होता. मागचं पान. मंडळाच्या अंकाचा मोठा खर्च त्या पानावर निघतो. बायकोने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "जाहिरात बंद करा. महिन्याभरात घरी येऊन नाव छापून देतील. वाटल्यास लाल अक्षरात."

ती बरोबर सांगत होती. असे सौदे मी आयुष्यभर जिंकत आलोय. समोरच्याला काय हवं ते ओळखायचं, ते घट्ट धरायचं आणि गप्प बसायचं. पण या वेळी धरून बसलो तर काय मिळणार याचा मी विचार करत राहिलो. नाव मिळालं असतं. आणि ज्यांनी ज्यांनी ते वाचलं असतं, त्यांनी म्हटलं असतं, जाहिरातीच्या जोरावर घेतलं. तेही खोटं ठरलं नसतं. देणगीदार म्हणून छापलेलं नाव आणि देणगी अडवून छापून घेतलेलं नाव यांत फरक फक्त पानाचा. जो माल मला हवा होता, तो या पैशाने विकत घेतला की तोच राहत नव्हता. हे मला आवडलं नाही. अजूनही आवडत नाही. हातात हुकूम असून टाकता येत नाही, याच्यासारखी चीड दुसरी नाही.

प्रोफेसरांना सांगणं भाग होतं. अट त्यांची होती. अंक घेऊन गेलो. त्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांनी पान नुसतं निरखलं आणि माझं नाव कुठे आहे ते विचारलं. मी देणगीदारांचं सोनेरी पान दाखवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण त्यांच्या बायकोने आतून येऊन खिडकी बंद केली.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. सहानुभूती दाखवतील अशीही भीती होती. त्यांनी यांतलं काहीच केलं नाही.

"म्हणजे तुमच्या बाजूने सौदा पुरा झाला नाही," ते म्हणाले.

"माझी चूक नाही."

"चूक कुणाची ते मी विचारलं नाही. मी परिच्छेद सोडला होता तो नावाच्या बदल्यात. नाव आलं नाही. माझा परिच्छेद परत द्या."

मी भांडलो. ते ऐकत राहिले. त्यांच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं, हे कळत असताना भांडायला जोर येत नाही.

तो परिच्छेद करायला मला आधीच्या सगळ्या निबंधाहून जास्त वेळ लागला. शब्द अडत नव्हते, ते सगळे माझ्या हातांतून गेलेले होते. अडत होतं ते वेगळंच. प्रत्येक वस्तू लिहिताना मंडळातला कुणी ना कुणी ती वाचून हसताना दिसायचा. मग हळूहळू कुणी दिसेनासं झालं आणि नुसत्या फळ्या राहिल्या. लिहून झाल्यावर पूर्ण निबंध पुन्हा वाचला तेव्हा म्हाताऱ्याचं म्हणणं पटलं. मुलाला त्या सगळ्या वस्तूंची नावं आणि जागा पाठ होत्या, म्हणूनच डबा काढून घेणं जिव्हारी लागतं. यादी नसेल तर ती नुसती वडलांनी पाहुण्याला दाखवलेली माया होते. मी त्यांना हे सांगितलं नाही. लगेच चढून बसले असते.

वसंतात मी दोन गोष्टी केल्या. आधी पुढच्या अंकाच्या जाहिरातीचे पैसे अध्यक्षांना देऊन टाकले. नेहमी मी ते अंक छापून हातात आल्यावर देतो. अध्यक्ष गडबडले. "काका, अजून तर प्लॅनिंगपण नाही. काही कंडिशन आहे का?"

"नाही."

"पक्कं ना यार?"

"जाहिरात छापा. बाकी काही मागणं नाही."

मग तीन आठवडे थांबलो, आणि पूर्ण निबंध, माझ्याच अक्षरातला, पाकिटात घालून संपादिकेच्या घरी दिला. डीटीपीवाला नाही, लोगो नाही. ती दारात म्हणाली, "काका, हा छापून झालाय ना?"

"तो अर्धा होता. हा पूर्ण आहे. योग्य वाटला तर घ्या, नाहीतर परत करा."

असं वाक्य मी धंद्यात कधीही बोललेलो नाही. माल दाखवायचा आणि गिऱ्हाइकाला मोकळं सोडायचं, म्हणजे दुकान बंद करायची तयारी. तिने पाकीट घेतलं. उन्हाळाभर फोन आला नाही. बायको रोज विचारायची, आणि मी रोज तिच्यावर ओरडायचो.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी संपादिका शोरूममध्ये आली. तिच्या हातात माझी पानं होती, आणि प्रोफेसरांचं मूळ पुस्तक. तिने ते मागवून घेतलं होतं. एका जोडप्याला मी काळा ग्रॅनाइट दाखवत होतो, ती स्लॅबांमधून वाट काढत आली आणि त्यांच्यासमोरच म्हणाली, "काका, हे शेवटचं वाक्य मुळात नाहीये."

"कोणतं?"

"'वडलांनी डोळे पुसले आणि डबा फळीवर ठेवला.' मूळ पुस्तकात ते फक्त डबा ठेवतात. डोळे तुम्ही पुसलेत."

जोडपं माझ्याकडे बघायला लागलं. मी त्यांना ग्रॅनाइट बघा म्हटलं आणि तिला मागच्या खोलीत नेलं.

"मराठी माणसाला ते वाक्य लागतं," मी म्हणालो. "नाहीतर बाप दगड वाटतो."

"वाटू दे. लेखकाने ठेवलाय ना तसा."

"तुम्हाला काय माहीत लेखकाला काय हवं? मी त्याच्याशी बोललोय, तुम्ही नाही."

"मग त्यांना विचारा. मी वाक्य काढणार."

"मग लेख काढा!"

"लेख चांगला आहे, तो नाही काढणार. फळ्यांचा परिच्छेद तर मागच्या वर्षी का नव्हता, तेच कळत नाही. हे एक वाक्य वाईट आहे."

मी खूप ओरडलो. ती बसून राहिली, पान गुडघ्यावर, पेन हातात. बायको पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. माझ्या लक्षात एक गोष्ट येत होती आणि ती लक्षात आली की राग टिकत नव्हता. देणगीदाराला कुणी तोंडावर सांगत नाही की तुमचं वाक्य वाईट आहे. देणगीदाराचं वाक्य जसंच्या तसं छापतात आणि मागे सोनेरी शाईत आभार मानतात.

"बरं," मी म्हणालो. "डोळे काढा."

तिने एक रेघ ओढली. मग विचारलं, "नाव कसं लिहू? बाजूला दुकानाचं नाव टाकायचं का?"

"दुकान जाहिरातीत आहे. इथे नुसतं माझं. आणि लेखकाच्या नावाएवढं."

"एवढं मोठं? आपण अनुवादकाचं छोटं टाकतो."

"ती माझी अट नाही, त्यांची आहे." आणि मी तिला प्रोफेसरांनी दिलेलं कारण सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मग तर नक्की टाकते."

अंक दिवाळीला आला. निबंध तोच, पूर्ण. दोन नावं, सारखी अक्षरं. मी मोजपट्टी लावली नाही, पण डोळ्याने तपासलं आणि मग पुन्हा चष्मा लावून तपासलं. प्रोफेसरांसाठी एक प्रत बाजूला ठेवली.

फराळाच्या रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते, ज्यांच्या घरी मी दोन ओटे बसवले आहेत. ते वळून म्हणाले, "काका, वाचला तुमचा लेख. काय सुंदर झालाय हो. कोणाकडून करून घेतलात?"

मी प्लेट खाली ठेवली. माझ्या मागून संपादिका म्हणाली, "काका, हळू. मुलं गातायत." मी हळू बोललो नाही.